एकांताचे भाडे

गेल्या श्रावणात एका दलालाने मला दादरला एक खोली दाखविली. तिसरा मजला, पूर्वेला एक खिडकी, एका अंगाला स्वयंपाकाचा ओटा आणि त्यामागे न्हाणीघर. दलालांच्या भाषेत 'वन आर-के'. खिडकीबाहेर बदामाचे झाड होते. भाडे महिना ३२,००० रुपये, अनामत दीड लाख, आणि दलाली म्हणून एका महिन्याचे भाडे वेगळे. करार अकरा महिन्यांचा. हे सगळे एका दमात सांगून झाल्यावर त्याने विचारले, "राहणार किती माणसं?"

"एक."

"म्हणजे मिस्टर मागाहून येणार?"

"नाही. मी एकटीच."

तो यावर काही बोलला नाही. त्याने खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला आणि जिना उतरताना म्हणाला, "बघा, आठ दिवस थांबवतो. पण एकट्या माणसाला एवढं भाडं म्हणजे…" वाक्य त्याने तसेच सोडले. गेले तीन महिने मी ते पुरे करण्याचा प्रयत्न करीत आहे.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. शाळेत मराठी शिकविते. लग्न केले नाही. गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्या मिळून अडीचशे चौरस फुटांत, दादा, वहिनी, भाचा, भाची आणि मी असे पाचजण राहात होतो. घरात भांडण नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. कारण बाई एकटी राहायला निघाली की लोक प्रथम भांडण शोधतात, ते न सापडल्यास प्रेमप्रकरण शोधतात, आणि तेही न सापडल्यास डॉक्टरचे नाव सुचवितात. मला यांपैकी काहीच झाले नव्हते. मला फक्त एक दार हवे होते, की जे आतून लावले तर बाहेरून 'काय करते आहेस?' असे कोणी विचारणार नाही. चाळीत दाराला कडी असते, पण ती चोरांसाठी असते. दिवसाउजेडी कोणी ती लावली तर पाच मिनिटांत शेजारच्या काकू दार वाजवून "बरं आहे ना?" असे विचारतात. त्या मायेनेच विचारतात, म्हणूनच त्यांना उत्तर देणे कठीण जाते.

घरी भाड्याचा आकडा सांगितला तेव्हा दादाचा घास हातातच राहिला. आमच्या घरात 'भाडे' हा शब्दच मुळी लहान आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी चालू असलेले भाडे हे प्रमाण धरले, आणि आजोबांनी त्यापूर्वी घेतलेल्या ह्या खोल्या त्याच हिशेबाने वडिलांकडे आणि वडिलांकडून दादाकडे आल्या. नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण त्यानेही जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला शेकडा चारच वाढविण्याची मुभा दिली. आम्ही महिन्याला जे भरतो ते वर्तमानपत्राच्या बिलाहून कमी आहे. अर्थात एवढ्या भाड्यात मालक चाळ दुरुस्त करीत नाही, म्हणून आमच्या जिन्याला लाकडी टेकू आहेत आणि पावसाळ्यात घरात दोन बादल्या कायम मांडलेल्या असतात. अशा घरातल्या माणसाला बत्तीस हजार हा आकडा भाड्याचा वाटतच नाही. तो एखाद्या ऑपरेशनचा वाटतो.

"अगं, एवढ्यात आपण पाचजण दोन महिने जेवतो," दादा म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदी खरे होते, आणि मला उत्तर सुचले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक प्रश्न मनात आला. एकांत ही चैन आहे, असे आपण किती सहज म्हणतो! मग ज्या घरात मी वाढले त्या घरात एकांत नव्हताच का? होता. एका माणसाला तो रोज दोन तास मिळत असे. त्याचे भाडे कोण भरीत होते?

माझे वडील शाळामास्तर होते. रात्री आठ ते दहा ते लिहीत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायावर टीपा लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. ते वीस वर्षे चालले आणि पुरे झाले नाही. आठाला ते बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उतरत्या मेजापाशी बसत, आणि घर गप्प होई. आई भांडी घासून फडक्यावर एकेक करून ठेवी, वाटीवर वाटी वाजू नये म्हणून. दादा आणि मी ओठ हलवून पाठांतर करीत असू. आजीला दम्याचा खोकला होता. ढास लागली की ती उठून गॅलरीत जाई. डिसेंबरातसुद्धा डोक्यावर पदर घेऊन कठड्यापाशी खोकत उभी राही, आणि उबळ ओसरली की पाय न वाजविता आत येई. तिला कोणी बाहेर घालविले नव्हते. वडील तर अत्यंत मृदू स्वभावाचे होते. 'गप्प बसा' असे ते कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही. म्हणावे लागतच नव्हते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. एकांत स्थळाची आवड आणि लोकांच्या गर्दीत मन न रमणे, ही त्यांतलीच. वडील त्यावर लिहीत असताना चार माणसे श्वास आवरून बसलेली असत. पुढे मोठेपणी मी तो अध्याय स्वतः वाचला, तेव्हा ध्यानात आले की त्याच यादीत, बरीच आधी, अहिंसाही आहे. तिच्यावर ज्ञानेश्वर फार वेळ रेंगाळतात. पायाखाली जीव दुखावेल म्हणून पाऊलही जपून टाकणारा माणूस ते डोळ्यांपुढे उभा करतात. वडिलांनी ह्या ओव्यांवरही टीपा लिहिल्या असतील. पण ही दोन्ही लक्षणे एकाच माणसाची आहेत, म्हणजे एकांताकडे जातानाही पाऊल तसेच जपून टाकायचे आहे, हे त्यांना कधी जाणवले की नाही, कोण जाणे. आजीचा खोकला त्यांच्या पाठीमागे होता.

आणि आई? तिलाही एकांत लागत असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नव्हते. पहाटे चारला नळाला पाणी येई. आई उठून पिंप, घागरी, बादल्या भरी. पाऊण तासात पाणी जाई. त्यानंतर तिने पुन्हा पडावे, अर्धा-पाऊण तास झोप मिळाली असती. दहावीच्या वर्षी मी पहाटे उठू लागले तेव्हा पाहिले : आई दिवा न लावता ओट्याला टेकून खाली बसली होती. हातात चहाचा कप होता. ती काही करीत नव्हती; जपही नाही. मला पाहताच ती लगबगीने उठली आणि म्हणाली, "तुला चहा टाकते." तिच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्यासारखे काहीतरी होते. तिचा तो अर्धा तास मी त्या दिवशी मोडला, आणि परीक्षा होईपर्यंत रोज मोडीत राहिले. आई एकांताचे भाडे झोपेतून भरीत असे, आणि आम्हांला ते घर फुकट वाटत असे.

हा विचार एकदा सुरू झाल्यावर मला तो सगळीकडे दिसू लागला. तुकोबा देहूजवळच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसत. डोंगराला भाडे नाही, हे खरे. पण जिजाईची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. नवरा डोंगरावर उपाशी आहे म्हणून ती भाकरी घेऊन उन्हातून चढत जाते, वाटेत तिच्या पायात काटा रुततो आणि विठ्ठल येऊन तो काढतो. कीर्तनात ही कथा विठ्ठलाच्या कृपेसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र हल्ली त्या पायाकडे पाहते. तुकोबांच्या एकांताचे भाडे त्या पायाने रोज भरले. देवाने काटा काढला, म्हणजे निदान देवाला तरी हा हिशेब ठाऊक होता.

अमेरिकेत हेन्री थोरो नावाचा गृहस्थ १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत एकटा राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. झोपडी दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब; दादरची खोली साधारण तेवढीच आहे. तिला आलेला खर्च त्याने पै-पैशासकट पुस्तकात मांडला आहे : २८ डॉलर साडेबारा सेंट. कॉलेजातल्या विद्यार्थ्याला जवळपास तेवढ्याच खोलीसाठी वर्षाला ३० डॉलर भाडे पडते, असे दाखवून तो आपल्याला विचारात पाडतो. हिशेब चोख आहे. फक्त त्यात जमिनीचा रकाना नाही, कारण जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. आणि आईवडिलांचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते. तो तेथे वरचेवर जेवायला जाई. ह्यामुळे थोरो लहान होत नाही. पण त्याच्या वहीत मला एका पानाची उणीव भासते.

व्हर्जिनिया वुल्फ ह्या इंग्रज लेखिकेने १९२९ च्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' ह्या पुस्तकात हा विषय सरळ पैशांत मांडला. बाईला लिहायचे तर वर्षाला पाचशे पौंड हवेत, आणि कुलूप लागेल अशी एक खोली हवी. इतके स्वच्छ कोणी बोलले की बरे वाटते. पुस्तकातल्या निवेदिकेला हे पाचशे पौंड एका आत्याकडून वारशाने मिळतात. आणि ही आत्या वारली कोठे, तर आपल्या मुंबईत, हवा खायला निघाली असता घोड्यावरून पडून! मी हे प्रथम वाचले तेव्हा हसले होते. ह्या वेळी वाटले, त्या आत्याच्या पाचशे पौंडांत मुंबईच्या कोणाकोणाचे किती होते, हे पुस्तक काही सांगत नाही.

तेव्हा एवढे माझ्यापुरते ठरले, की फुकट एकांत असा नसतोच. त्याला नेहमी भाडे पडते. ते पैशांत दिले नाही तर कोणाच्या तरी खोकल्यात, झोपेत, किंवा पायातल्या काट्यात दिले जाते, आणि त्याची पावती मिळत नाही. मग बत्तीस हजार रुपये रोख मोजणे हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग नव्हे काय? पैसा माझा, खोली माझी, गप्प कोणाला बसायला नको. दादाला द्यायचे उत्तर मला मिळाले असे वाटले आणि त्या रात्री झोप चांगली लागली.

पण मी मास्तरची मुलगी. सकाळी उठून उत्तर पुन्हा तपासले. पगार हातात येतो ७४,००० रुपये. त्यांतून घरखर्चाला मी २२,००० देत होते. भाडे, वीज, माझे स्वतःचे किराणा-दूध आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकायची रक्कम एवढे वजा केल्यावर घरी देण्यासारखे दहाच उरतात. मधले बारा हजार कोठून येणार? दादाचा पगार वाढण्यासारखा नाही. वहिनी घरी शिवणकाम करते. साध्या ब्लाउजचे ती चारशे घेते. बारा हजार म्हणजे तीस ब्लाउज! माझे दार आतून बंद राहावे म्हणून वहिनीने दरमहा तीस ब्लाउज जास्त शिवायचे. वडिलांचे मेज आणि आजीची गॅलरी पुन्हा उभी राहिली. फरक एवढाच, की मधले अंतर गिरगाव ते दादर एवढे वाढले होते, म्हणजे खोकला मुळीच ऐकू आला नसता.

आणखीही एक रकाना होता. ह्याच शहरात गिरण्या चालू होत्या तेव्हा एकेका खोलीत कोकणातून, घाटावरून आलेले गडी पाळीपाळीने झोपत; रात्रपाळीचा येई तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असे, आणि अंथरूण गार होत नसे. गिरण्या गेल्या, पण तसे झोपणारे अजून आहेत. अशा गावात एका बाईने एक आख्खी खोली अडवावी का? मी घेतली नाही तर ती काही त्यांना मिळणार नाही, दलालाकडे पुढचे गिऱ्हाईक तयार होते, हे मला समजते. पण ह्या युक्तिवादाने कोणीही काहीही घेऊ शकेल. म्हणून तो मी वापरीत नाही. ही बाकी माझ्या नावावर आहे आणि ती राहणार.

मग काय करायचे? दोन वाटा सोप्या होत्या. एक, त्याग करून चाळीत राहायचे, आणि तो त्याग पुढची वीस वर्षे घरातल्यांना रोज थोडा थोडा ऐकवायचा. असे त्यागी मी नात्यात पाहिले आहेत. त्यांचे भाडे सगळ्यांत जबर असते. दुसरी वाट म्हणजे 'माझा पैसा, माझी मर्जी' म्हणून निघून जायचे. दोन्ही वाटांत एक गोष्ट सारखी होती : जिला भाडे पडणार होते तिला कोणी काही विचारणार नव्हते. माझ्या वडिलांची चूक ते एकांतात बसले ही नव्हती. त्यांनी लिहावे असे आईलाही वाटे. तिला त्याचा अभिमान होता. पण वीस वर्षांत एकदाही त्यांनी मागे वळून तिला विचारले नाही, की तुला काय पडते आहे? आणि तुझी पाळी केव्हा?

सहाव्या दिवशी दुपारी मी वहिनीपाशी जाऊन बसले. तिचे मशीन चालू होते. मी सगळा हिशेब तिला सांगितला, तीस ब्लाउजांसकट. खरे सांगायचे तर मी मनातून भ्यालेही होते. कारण विचारायचे म्हणजे 'नको' हे उत्तरही ऐकण्याची तयारी हवी. ती 'नको' म्हणाली असती तर मी गेले नसते. आज हे लिहिणे सोपे आहे. त्या दुपारी ते तितके सोपे नव्हते.

वहिनीने चाकावर हात ठेवून मशीन थांबविले. दोरा तोडला.

"तीस नाही," ती म्हणाली. "साड्यांचे फॉल-पिको धरलंस का? ते धरलं तर बावीसांत भागेल. आणि तू गेल्यावर एका माणसाचं जेवण कमी होईल, ते कुठे वजा केलंस? मराठीची बाई ती मराठीचीच."

मी हसले. ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "किल्ल्या किती देतात गं?"

"दोन."

"एक माझ्याकडे ठेव."

"हो, ठेवायलाच हवी. अडीअडचणीला…"

"अडीअडचणीला नाही," वहिनी म्हणाली. "गुरुवारी दुपारी तू शाळेत असतेस ना?"

मी तिच्याकडे पाहात राहिले. सत्तावीस वर्षे ही बाई माझ्याबरोबर त्या दोन खोल्यांत राहात होती. एकांत मला हवा, हे मला पक्के ठाऊक होते. तिचे तोंड मी दारापाशी पैसे भरणाऱ्या माणसाच्या जागी पाहिले होते. ती दाराच्या आतही असू शकेल, हे सुचायला तिलाच सांगावे लागले. 'तिथे जाऊन काय करशील?' हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. सुदैवाने वेळेवर आठवले, की ह्याच एका प्रश्नापासून सुटण्यासाठी मी बत्तीस हजार रुपये मोजायला निघाले आहे. मी तो गिळला.

गौरी-गणपतींना निरोप दिला आणि पितृपक्ष लागण्याआधी मी दादरला राहायला आले. अकरा महिन्यांनी करार संपेल तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडायचा आहे. भाडेही तेव्हा वाढलेले असेल, आणि भाचीची फी देखील. कदाचित मी परत जाईन. दिवाळीला तर जाणारच आहे. फराळाची चकली वहिनी पाडते आणि तळते मी, ही वाटणी मोडायचे कारण नाही. चार दिवस पाच माणसांच्या गर्दीत राहायचे, ह्या कल्पनेने मला आताच बरे वाटते, हेही येथे नमूद करून ठेवते. एकांत मिळाल्यावर माणसे अधिक आवडू लागतात, असा माझा अल्प अनुभव आहे.

एकटेपणाही येतो, नाही असे नाही. तिन्हीसांजेला बदामाच्या झाडावर कावळे जमून गोंगाट करतात. ते उडून गेले की एकदम सामसूम होते आणि शेजारच्या काकूंच्या "बरं आहे ना?"ची आठवण येते. ते भाडे माझे मला पडते. त्याबद्दल तक्रार नाही.

गुरुवारी वहिनी येऊन जाते. त्या दुपारी तिचे मशीन बंद असते, म्हणजे तीही आपले भाडे भरतेच. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. मी संध्याकाळी शाळेतून येते तेव्हा कप धुऊन पालथा घातलेला असतो आणि खुर्ची खिडकीकडे वळवलेली असते. मी ती तशीच राहू देते.